रजयांच्या चळतीमागचं पाणी

शांततेनेही माणूस आजारी पडतो, हे कुल्पाशला नवरा निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं. तुरारची सगळी नोकरी खाणीच्या पंखाघरात गेली. खाली जमिनीच्या पोटात पोरं कोळसा खणायची आणि वर बसून तुरार त्यांना हवा पाठवायचा. तो राक्षसी पंखा कधी थांबला नाही, आणि त्याची घरघर तुरारच्या कानात इतकी मुरली की घरी बसल्यावर त्याला सारखं काहीतरी बंद पडल्यासारखं वाटायचं. जेवताना मध्येच घास हातात धरून हा गृहस्थ कान टवकारून बसायचा.

“काय ऐकताय?” कुल्पाश विचारायची.

“काही नाही.”

“काही नाही ते ऐकायला इतका वेळ लागतो?”

शेवटी एका रविवारी तिने त्याच्या हातात पिशवी दिली, लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढून बसवली आणि त्याला घराबाहेर काढलं. “बाजारातून नळाचा वायसर आणा. नाही मिळाला तरी चालेल, पण दुपारपर्यंत तोंड दाखवू नका.”

आमच्या करागांदा शहरात रविवारी पक्ष्यांचा बाजार भरतो. नाव पक्ष्यांचं, मिळतं सगळं. कोंबड्या, ससे, मांजराची पिल्लं, कोणाच्या तरी आजोबांचे बूट. मासेवाले अगदी टोकाला, लाकडी टपऱ्यांत, कारण आमच्याकडच्या थंडीत उघड्यावर ठेवलेल्या पाण्याचा बघता बघता दगड होतो. तुरार त्या टोकाला कित्येक वर्षांत फिरकला नव्हता आणि त्या दिवशीही फिरकणार नव्हता. पण वायसर मिळाला नाही, पाय गारठले, आणि शेवटच्या टपरीच्या खिडकीतून बाहेरच्या बर्फावर हिरवा उजेड पडला होता. करड्या आभाळाखाली, काळपट बर्फावर, हिरवा उजेड! तुरार थांबला. बस्स, तिथेच सगळं बिघडलं.

आत एल्झा बसली होती, दोन स्वेटर आणि वर शाल गुंडाळून. एल्झा युद्धाच्या काळात इथे आणून सोडलेल्या जर्मनांपैकी. तिचे भाऊ केव्हाच जर्मनीला निघून गेले, ही काही आपल्या पाणवनस्पती सोडून जायला तयार झाली नाही. पूर्वी खाणकामगारांच्या क्लबात मासे पाळणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ होतं, त्यात ती आणि तुरार दोघंही.

“तुरार? अरे, मला वाटलं तू गेलास.”

“कुठे, जर्मनीला?”

“वर.”

“वायसर आणायला आलोय,” तुरार म्हणाला. पण त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली होती. मागे एक काचेची पेटी होती, पावाच्या डब्यापेक्षा फार मोठी नाही. आत एक वाकडं मूळ, दोन दगड, आणि बाकी सगळं हिरवं. बारीक गवत, लांब पट्ट्यांसारखी पानं, मुळावर चढलेलं शेवाळ. पाणी दिसतच नव्हतं, इतकं ते नितळ होतं. पानांच्या टोकांवर हवेचे मणी जमत होते आणि एकेक सुटून वर जात होते. तुरार वाकला. टपरीचं दार उघडं राहिलंय, गार वारा आत येतोय, एल्झा ओरडतेय, यातलं त्याला काही कळलं नाही.

“मोठी टाकी दाखव,” तो बऱ्याच वेळाने म्हणाला. “माझी पूर्वीची होती तेवढी. लोखंडी चौकटीची.”

“आणि बादल्या कोण उचलणार? कंबर दाखव तुझी.”

“कंबरेला काय झालंय?”

“टपरीत शिरताना ‘आई गं’ कोण म्हणालं मग? हे बघ, छोटी घे. पण छोटी म्हणजे सोपी नव्हे. मोठ्या पाण्यात चूक विरघळून जाते, छोट्यात लगेच अंगावर येते. म्हणून झाडं जास्त, मासे थोडे. घर झाडांचं, मासे पाहुणे. आणि पाणी मुरल्याशिवाय पाहुणे बोलवायचे नाहीत.” मग तिने हळूच विचारलं, “मासे पाळणं का सोडलंस रे तू?”

“भाचीने मागितलं.”

“मग काय, संपलंच,” एल्झा म्हणाली. जन्म इथे गेलेली बाई, तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

तुम्हाला मात्र सांगायला हवं. आमच्यात बहिणीच्या लेकराने मामाकडे आयुष्यात तीनदा काहीही मागावं आणि मामाने नाही म्हणू नये. घोडा मागो, बंदूक मागो, अंगावरचा कोट मागो. चेहरा पाडायचा नाही, ‘बघू’ म्हणायचं नाही. तुरारची बहीण साकिश करकराली डोंगरांकडच्या गावात दिलेली. तिची मुलगी आयागोझ सात वर्षांची असताना मामाकडे आली आणि लोखंडी चौकटीच्या त्या टाकीसमोर दिवसभर बसून राहिली. तेव्हा त्या टाकीत पहिल्यांदाच चपट्या चंद्रकोरी माशांच्या जोडीने पानावर अंडी घातली होती, आणि नर-मादी आळीपाळीने पंख हलवून अंड्यांना वारा घालत होते. निघताना पोरीने बोट दाखवलं. “हे हवं.”

साकिशने कपाळाला हात लावला. कुल्पाश म्हणाली, बाहुली घे गं, बूट घे. तुरार मात्र हसला. जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांतली माणसं बघत होती, त्यांच्यासमोर हसत हसत त्याने मासे दुधाच्या कॅनमध्ये भरले, टाकी गवतात गुंडाळून ट्रकवर चढवली आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत हात हलवला. मग घरात येऊन त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाठ करून जेवला. पुढे दोन वर्षं साकिश फोनवर सांगायची, मासे मजेत आहेत हो. नंतर तिने सांगणं सोडलं आणि तुरारने विचारणं.

दुसरं मागणं आयागोझने शाळा संपल्यावर केलं, त्याची साइडकारवाली मोटरसायकल. ती त्याने आनंदाने दिली, कारण ती सुरूच होत नव्हती. तिसरं राहिलं होतं.

असो. तर तुरार त्या रविवारी घरी आला तो वायसरशिवाय, आणि कोटाच्या आत, पोटाशी, काचेची पेटी धरून.

“हे काय?” कुल्पाश म्हणाली.

“काही नाही.”

“हे ‘काही नाही’ फार मोठं दिसतंय.”

पाहुण्यांच्या खोलीत कोपऱ्यातल्या लाकडी पेटाऱ्यावर त्याने जागा केली. शेजारी भिंतीशी रजयांची चळत होती, प्रत्येक घरात असते तशी. नुरा नदीच्या काठचं मूळ उकळून उकळून त्याने मऊ केलं, तेव्हा स्वयंपाकघरात आठवडाभर चिखलाचा वास होता. दगड तर त्याने इतक्यांदा फिरवले की कुल्पाश म्हणाली, आपलं लग्न ठरवताना तुमच्या वडिलांनीही एवढा विचार केला नव्हता. मग चिमट्याने एकेक काडी गवत रोवलं. पाणी घातलं. दिवा लावला. आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही, फक्त बघणं उरलं.

पहिले काही दिवस पाणी दुधाळ झालं. पूर्वीचा तुरार असता तर हातपाय गाळले असते, सगळं उपसलं असतं. आता तो नुसता बसून राहिला. एका सकाळी पाणी आपोआप निवळलं. जुनी पानं पिवळी पडून गळली, त्यांच्या बुडाशी नवी पानं आली. कोंब कधी फुटतो ते त्याने कितीही टक लावली तरी दिसलं नाही. पापणी लवायची आणि कोंब आलेला असायचा. फिल्टरची बारीक गुळगुळ खोलीत भरून राहिली. तुरारच्या कानातलं बंद पडलेलं काहीतरी पुन्हा सुरू झालं आणि तो जेवताना नीट जेवायला लागला.

बाहेर बर्फ पडायचा. खिडकीतून दिसणारं धुराडं, रस्ता, शेजारची इमारत, सगळं एकेक करून पुसलं जायचं, आणि खोलीत फक्त तो हिरवा चौकोन उरायचा. तुरार त्याच्यासमोर बसायचा आणि चहा गार व्हायचा. फिल्टरच्या धारेने गवत एका अंगाला झुकलेलं असायचं, जूनमध्ये माळावर झुकतं तसं. बघता बघता तुरारला ते गवत मोठं दिसायला लागायचं, की तोच लहान व्हायचा, कोण जाणे. मग तो त्या गवतातून चालत असायचा. पायांना ओल लागायची. मुळाच्या वळणापलीकडे ओढा असणार हे त्याला ठाऊक असायचं, आणि ओढ्यात, झगा गुडघ्यांपर्यंत खोचून, साकिश उभी असायची. दोन वर्षांपूर्वी गेली ती साकिश नव्हे, दवाखान्यातल्या पलंगावरची नव्हे. वेणीला तांब्याची नाणी बांधलेली, दहा-बारा वर्षांची. ती वळून बघायची नाही. पाण्यात हात घालून काहीतरी शोधत असायची, आणि तुरारला वाटायचं, हाक मारली तर ती शोधायचं थांबेल. म्हणून तो हाक मारायचा नाही. मणी सुटून वर जायचे, वर म्हणजे आभाळात. कधी कधी त्याला साकिशच्या झग्याचा ओला वासही यायचा.

“चहा!” कुल्पाश ओरडायची, आणि माळ, ओढा, बहीण, सगळं परत पावाच्या डब्याएवढं व्हायचं. तुरारला राग यायचा नाही. ते तिथेच आहे, हे त्याला माहीत होतं.

पाणी मुरल्यावर त्याने एल्झाकडून मासे आणले, निखाऱ्याच्या कणांएवढे, नारिंगी. सोडले तेव्हा ते गवतात गडप झाले. मग एक बाहेर आला, मग दुसरा, आणि थोड्या वेळाने सगळा थवा मुळाखालून फिरून आला, मालक असल्यासारखा. तुरारचे डोळे भरून आले. कुल्पाशने बघितलं आणि ती काही बोलली नाही, हेच मोठं.

आणि मग मार्चमध्ये आयागोझचा फोन आला.

ती आता तिशीच्या पुढची, तिकडे पश्चिमेला अक्ताउच्या बंदरात क्रेन चालवते. आईला जाऊन वर्ष झालं त्या जेवणाला आली होती, त्यानंतर नाहीच. “मामा, येतेय मी,” ती म्हणाली. “सुट्टी मिळालीय. आणि ऐका ना, एक मागायचंय तुमच्याकडे.”

“ये ये, मोकळेपणाने माग,” तुरार म्हणाला आणि फोन ठेवला.

“हो म्हणालात ना?” कुल्पाशने विचारलं.

“मग काय म्हणणार? काय मागेल गं?”

“काय आहे तुमच्याकडे? गाडीचा पत्रा गंजलाय. मला या वयात कोणी मागणार नाही. उरलं काय?”

दोघांनीही एकाच वेळी कोपऱ्याकडे बघितलं.

आता यात शहाणपणाचं काय होतं ते तुम्हीच सांगा. पोरगी तीन दिवसांचा प्रवास करून एवढीशी पेटी मागायला येईल का? पण एकदा हात पोळलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो. जे दृष्टीस पडत नाही ते कोणी मागत नाही, एवढंच तुरारच्या डोक्यात बसलं. त्याने पेटीवर फळी टाकली. फळीवर आणि पुढच्या बाजूला रजया रचल्या, आधीच्या चळतीला जोडून, सरळ छतापर्यंत. दिवा बंद केला. फिल्टरची गुळगुळ ऐकू येईल म्हणून त्याचंही बटण बंद केलं. मग चार पावलं मागे जाऊन पाहिलं. श्रीमंत घरात असावी तशी दणदणीत चळत दिसत होती.

“लाज नाही वाटत?” कुल्पाश म्हणाली. “भाचीपासून लपवताय.”

“दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. झाडं अंधारात मरत नाहीत.”

“मी झाडांबद्दल बोलत नाहीये.”

आयागोझ आली. उंच, उन्हाने रापलेली, आवाज बंदरावरचा. मामीला उचलून गोल फिरवलं, वाळवलेल्या माशांचं गाठोडं टेबलावर टाकलं. हसली की डिट्टो साकिश. तुरारने तिला छातीशी धरलं, आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिची पाठ कोपऱ्याकडे राहील असं बसवायला हवं. लागलीच स्वतःची शरमही वाटली. पण बसवलं तसंच.

त्याचा हिशोब चुकला तो पाहुण्यांपायी. भाची आली म्हटल्यावर भावकी यायला लागली. आणि पाहुणा आला की त्याच्याखाली रजई घालावी लागते. जमिनीवर बसवून का कोणाला चहा देणार? कुल्पाश चळतीकडे निघाली की तुरार आडवा. “मी काढतो, मी काढतो.” तो जुन्या बाजूच्या रजया काढायचा. रात्री मुक्कामाला राहिलेल्यांना आणखी लागल्या. जुनी बाजू संपत आली, आणि दुसऱ्या दिवशी तर मोठी मेजवानी ठरलेली, खुद्द मोल्दाबाय आजोबा येणार होते, घराण्यातले सर्वांत वडीलधारे. तुरारने शेजाऱ्याकडून रजया उसन्या मागून आणल्या.

“घरात एवढी चळत असून?” शेजारी म्हणाला.

“त्यांना कसर लागलीये,” तुरार म्हणाला. कुल्पाशने हे ऐकलं आणि दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. तिच्या माहेरच्या रजया होत्या त्या.

मेजवानीच्या दुपारी तुरार मटणाच्या भांड्यापाशी होता. कुल्पाश पीठ लाटत होती. आयागोझ कामाची पोरगी, हात बांधून बसेल कशी? मामीला मदत म्हणून ती खोली आवरायला गेली आणि चळतीच्या नव्या बाजूच्या रजया चार-चार करून कवेत घेऊन उतरवल्या. क्रेनवाली बाई, तिला त्या जड वाटल्या नाहीत. खालची फळी सरकली.

“मामा!” बंदरावरची हाक आली. “मामा, धावा! हे मरतायत!”

तुरार हातातला डाव तसाच घेऊन धावला. पाणी गढूळलेलं. सगळे मासे वर, पृष्ठभागाला तोंड लावून, धापा टाकत. दोन तर बाजूवर कलंडले होते. आपण काय केलं ते तुरारला एका क्षणात कळलं. अंधारात झाडंही हवा खातात. हे पंखाघरातल्या माणसाला कोणी सांगायची गरज होती?

कुल्पाश दारात उभी, हाताला पीठ. “जन्मभर खाणीला हवा पुरवलीत,” ती म्हणाली, “आणि घरातल्या एवढ्याशा जिवांचा श्वास कोंडलात!”

आयागोझने विचारत बसण्याऐवजी बटण शोधून दाबलं. फिल्टर खोकला, थांबला, परत खोकला. तेवढ्यावर भागणार नव्हतं. मग तिने भिंतीवरचा घोडीचं दूध घुसळायचा लाकडी डोयला, लांब दांड्याची मोठी पळीच ती, ओढला, पेटीतलं पाणी भरून घेतलं, हात उंच केला आणि वरून धार सोडली. घोडीचं आंबवलेलं दूध पाहुण्यांना देण्याआधी आपण खालीवर करतो ना, तसंच. परत भरलं, परत सोडलं. प्रत्येक धारेबरोबर पाण्यात बुडबुड्यांची झुंबड शिरत होती. तुरारने डाव फेकून दिला, वाटी घेतली आणि दुसऱ्या बाजूने सुरू केलं. दोघांच्या बाह्या भिजल्या. हिरवा दिवा लागला होता आणि धारा पडत होत्या, एक उंच, एक बुटकी. खोली त्या आवाजाने भरली. किती वेळ गेला ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तुरारला मध्येच वाटलं, आपण ओढ्यावर आहोत आणि समोर गुडघाभर पाण्यात उभी राहून कोणीतरी ओंजळीने पाणी उडवतंय.

एक मासा खाली गेला. मग आणखी एक. कलंडलेल्या दोघांपैकी एक सावरला, दुसरा नाही सावरला.

“माझ्यापासून लपवलं होतं?” आयागोझने विचारलं. हात थांबवला नव्हता.

तुरारला खोटं बोलता आलं असतं. कसरीची थाप होतीच. “हो,” तो म्हणाला.

तिने आणखी एक डोयला भरून वरून सोडला. मग म्हणाली, “पहिल्या वेळचे कसे मेले, आईने सांगितलं का कधी?”

“नाही.”

“गावात वीज गेली. पाणी गार पडलं. मासे हलेनात. आमच्याकडे गारठलेल्या कोकराला कोमट दूध पाजतात, वाचतं ते. मी कढईभर दूध तापवलं आणि टाकीत ओतलं.” तिने डोयला खाली ठेवला. “सकाळी आई मला काहीच बोलली नाही. नुसती मला धरून रडली. म्हणाली, मामाला कळता कामा नये. त्याचा जीव होता त्यांच्यात.”

सात वर्षांची पोर, हातात दुधाची कढई. इतकी वर्षं आपण कोणावर रुसलो होतो? त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, ओलाच. तिने तो बाजूला केला नाही, पण हसलीही नाही. उठली आणि पाहुण्यांसाठी रजया अंथरायला लागली, एकूण एक.

संध्याकाळी खोली भरली. बेशबर्माकचं, म्हणजे मटण आणि लाटलेल्या पिठाच्या उकडलेल्या पट्ट्यांचं, मोठं ताट मध्ये आलं, मोल्दाबाय आजोबांनी वडीलधाऱ्याच्या मानाचं मेंढीचं डोकं आपल्याकडे ओढलं, गप्पा रंगल्या. कोपऱ्यात ती हिरवी पेटी उघडीच, आणि जो तो तिच्याकडे बघत होता. आयागोझ जेवली, पण तिचं लक्ष ताटात नव्हतं. तुरार तिच्याकडे बघायचं टाळत होता.

“काय गं पोरी,” आजोबा हात पुसत म्हणाले, “मामाकडे तुझं एक मागणं बाकी आहे म्हणतात. माग की! आम्ही म्हातारे साक्षीला आहोत, उद्या असू नसू.”

“माग, माग!” सगळे ओरडले. “मामाची गाडी माग!”

“ती ढकलत न्यावी लागेल,” कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

आयागोझ सरळ बसली. हात लांब करून तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “ते हवं.”

हशा थांबला. कुल्पाशच्या हातातली चहाची वाटी तशीच राहिली. माळ, ओढा, ओल्या झग्याचा वास, सगळं परत ट्रकवर चढणार. पण त्याच वेळी त्याला हेही कळत होतं की पेटी लपवून त्याने या पोरीला चोर ठरवलं होतं, आणि चोर ठरवलेल्याने मागून घेणं यात चूक काही नाही. या खेपेला तो हसला नाही. त्याला हसता आलं नाही. तरी शब्द सरळ आला.

“दिलं.”

“सगळ्यांनी ऐकलं?” आयागोझने विचारलं. “पाणी, झाडं, मासे, सगळं माझं?”

“तुझं.”

“मग आजोबा, मला एक सांगा. पूर्वी ज्याच्याकडे जनावरं असायची पण राखायला माणूस नसायचा, तो काय करायचा?”

“नात्यातल्याकडे राखणीला ठेवायचा,” आजोबा म्हणाले. “जनावर धन्याचं, दूध राखणाऱ्याचं. माझ्या वडिलांनी अशाच गाई राखल्या.”

“मी क्रेनवर असते दिवसभर. मला राखायला जमायचं नाही. माझी जनावरं मी मामाकडे राखणीला ठेवते. जनावरं माझी, दूध त्यांचं.”

“माशांचं कसलं दूध?” कुल्पाशच्या तोंडून निघून गेलं.

“दुपारी तुम्हीच सांगितलंत ना मामी, हे रोज समोर बसून चहा गार करतात म्हणून? तेच.”

आजोबा आधी हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि मग त्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून आशीर्वाद दिला, म्हणजे सौदा पक्का. तुरार तसाच बसून होता.

“आणि फोनवर जे मागायचंय म्हणालीस?” पाहुणे गेल्यावर त्याने विचारलं. “ते काय होतं?”

“ठरवलंच नव्हतं.” आयागोझ रजया घडी करत होती, पाठमोरी. “तिसरं मागणं मी जपून ठेवलं होतं. ते संपलं की हक्क संपला. आई गेल्यावर इकडे यायला मला तेवढंच निमित्त उरलं होतं, मामा. तिकडे क्रेनवर बसून विचार करायचे, मागून टाकलं तर परत कशाला बोलावतील मला? आणि नाही मागितलं तरी किती वर्षं नुसतं ‘मागायचंय, मागायचंय’ म्हणत येणार?” तिने नाक ओढलं. “आता काय, माझा कळप आहे इथे. वसंतात धन्याला बघायला यावंच लागतं.”

तुरारला त्यावर रडू आलं. अगदी मोठ्याने, लहान पोरासारखं, आणि त्याला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आयागोझ बॅग दाराशी ठेवून पेटीसमोर येऊन बसली. “मोजून सोपवायचा कळप. तशीच रीत आहे. उद्या म्हणाल लांडग्याने नेला.”

“मोज,” तुरार म्हणाला आणि शेजारी बसला.

खिडकीवरचा बर्फ वितळून गळत होता. पानांवर मणी धरले होते. मासे गवतातून निघायचे, मुळाखाली जायचे, पलीकडून यायचे, आणि आधीचाच की दुसरा ते कळायचं नाही. आयागोझचा एक आकडा आला, मामाचा दुसरा. परत मोजले. मामाचा आता तिसराच आला.

“गाडी सुटेल!” कुल्पाश बाहेरून ओरडली. “अहो, रोज त्यांच्यासमोर बसता, तुम्हाला आकडा माहीत नाही?”

तुरारला आकडा माहीत होता. झोपेतही सांगितला असता.

“चुकलं वाटतं,” तो म्हणाला. “पहिल्यापासून मोजूया.”

आयागोझने त्याच्याकडे बघितलं, मग बुटाची सोडलेली नाडी तशीच ठेवून पुढे सरकली, आणि काचेवर बोट टेकवून पहिल्यापासून मोजायला लागली.